कॉनमध्ये लेखकाचं काय काम? (दोन दिवस, सात पुस्तकं)

वाघूरकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी,

गेल्या शनिवार-रविवारी जळगावात कॉलेजच्या पोरांनी विज्ञानकथा आणि गेमिंगचा मेळावा भरवला होता. ते त्याला 'कॉन' म्हणतात. मला लेखक म्हणून बोलावणं होतं. वय एकोणसाठ, नोकरी मास्तरची (आता निवृत्त), खात्यावर विज्ञानकथांचा एक संग्रह. चारशे प्रतींची आवृत्ती, त्यातल्या निम्म्याहून जास्त अजून पलंगाखाली. एवढ्या भांडवलावर 'सन्माननीय अतिथी' झालो.

जागा म्हणजे एक मंगल कार्यालय. आदल्या दिवशीच्या लग्नाची कमान उतरवायची राहून गेली होती. थर्माकोलचा यंत्रमानव त्या कमानीखालून आत शिरला तेव्हा बाहेरच्या रिक्षावाल्याने मला गंभीरपणे विचारलं, "नवरदेव का?"

शनिवारी सकाळी 'मराठी विज्ञानकथा: काल आणि आज' यावर माझं भाषण. मला नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत बसवलं. समोर श्रोते चौदा. त्यातले पाच जण स्टेजजवळच्या प्लगांवर मोबाइल चार्जिंगला लावून बसले होते, हे नंतर कळलं. चार्जिंग झाल्यावर उठले. बाकीच्या नऊ जणांनी शेवटपर्यंत ऐकलं, त्यांचा मी ऋणी आहे.

मग माझा स्टॉल. तो कुठे? पंगतीच्या हॉलच्या दाराशी, हात धुवायच्या बेसिनला लागून. आत पंगतीच्या टेबलांवर खेळ मांडलेले, पोरं तीन-तीन तास उठत नव्हती. उठली की हात धुवायला यायची आणि ओल्या हाताने माझं पुस्तक चाळायची.

दोन दिवसांत सात प्रती गेल्या. त्यातली एक साडूने घेतली. २०२४ साली अमळनेरच्या साहित्य संमेलनात तीन दिवसांत एकतीस गेल्या होत्या, म्हणून जास्तच लागलं.

आता प्रश्न. विज्ञानकथा लिहिणाऱ्याने अशा ठिकाणी जावं का? या पोरांना वाचायचंय, की नुसतं खेळायचंय? तक्रार करत नाहीये, खरंच विचारतोय.

भरीतभाकर | रात्री ९:४८

जेवायला काय होतं?

वाघूरकाठ | रात्री ९:५५

शनिवारी शेवभाजी, रविवारी वरण-बट्टी.

भरीतभाकर | रात्री ९:५६

मग मेळावा यशस्वी झाला. पुढचा प्रश्न घ्या.

पांझरेपल्याड | रात्री १०:३०

सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. चूक त्यांची नाही, तुमची आहे. साहित्य आणि खेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात गिऱ्हाईक साखर घ्यायला आलं असताना त्याला तुम्ही सतार दाखवताय.

मराठी विज्ञानकथेने साहित्यात जागा मिळवली ती लेखनाच्या जोरावर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने एक कथा आली आणि पहिली आली. जगताप म्हणजे जयंत नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं, का तर आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये. तेच नारळीकर २०२१ साली नाशिकच्या चौऱ्याण्णवाव्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. हा सत्तेचाळीस वर्षांचा रस्ता कथेने चालून काढला. त्यात कुठे फासे होते? कुठे मुखवटे होते? विज्ञानकथेला पुन्हा पोराटोरांच्या जत्रेत नेऊन बसवलं, तर समीक्षक म्हणणारच की हे बालवाङ्मय आहे.

चौथा_फलाट | रात्री १०:४१

भुसावळहून हजेरी. गेमिंग कन्व्हेन्शनचं एवढं कौतुक कशाला? खान्देशात ते दरवर्षी होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बाया झोक्यावर, गडी पत्त्यांवर. वेशभूषेचं बक्षीस पोलीस आल्यावर लुंगी सावरत पळणाऱ्याला.

(हलकेच घ्या.)

झोका_लिंबाचा | रात्री ११:०५

@चौथा_फलाट, हसले, पण माझा प्रश्न गंभीर आहे. मुलगा अकरावीला. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर गोळ्या झाडतो. जेवताना हाक मारली तर "आई, मॅच चालू आहे" म्हणतो. हे 'गेमिंग' म्हणजे तेच ना? मग त्याला कार्यालय भाड्याने घेऊन आणखी प्रतिष्ठा कशाला द्यायची? आमच्या गल्लीतल्या एकाने ऑनलाइन पत्त्यांत ट्रॅक्टरचा हप्ता घालवला.

चौथा_फलाट | रात्री ११:१२

ताई, पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धेच्या व्हिडिओ गेमना, वेगळं काढून मान्यता दिलीय. म्हणजे तुमचा मुलगा कायद्याने सुरक्षित, फक्त जेवणाला उशीर.

वीसपैलू | मंगळवार, सकाळी ७:२०

मी त्या कॉनमध्ये दोन्ही दिवस होते. काकांच्या स्टॉलसमोरच्या टेबलावर. काही गैरसमज दूर करते.

झोका_लिंबाचा ताई, मोबाइल आणि कन्सोलचे खेळ होते, पण वरच्या मजल्यावर. पंगतीच्या हॉलमध्ये एकही स्क्रीन नव्हती. तिथे बोर्डगेम आणि भूमिकांचे खेळ. भूमिकांचा खेळ म्हणजे असं बघा: एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, "तुम्ही सहा जण तापीच्या पुलावर आहात, धुकं आहे, समोरून काहीतरी येतंय." बाकीचे एकेक पात्र. प्रत्येकाने सांगायचं की माझं पात्र आता काय करतं. ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. फासा वीस बाजूंचा, म्हणून माझं नाव हे. प्रत्येक आकडा पडायची शक्यता पाच टक्के. वीस पडला तर चमत्कार, एक पडला तर फजिती. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढलं, तिथून ही तऱ्हा पसरली.

पांझरेपल्याड सर, बघा ना. तुमचे जगताप आणि आमचा फासा एकाच सालचे.

आणि यात तीन तास तोंडाने गोष्टच रचली जाते. कुणी लिहून ठेवत नाही, एवढाच फरक.

पांझरेपल्याड | सकाळी ८:१५

लिहून ठेवत नाही 'एवढाच' फरक! पोहता येत नाही एवढंच, बाकी तापी पार केली.

टेंभेवाला | सकाळी ९:०२

मुखवट्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्याकडे साक्री भागात भवाडा होतो. रात्रभर सोंगं नाचतात. गणपती, सरस्वती, त्राटिका, रावण, शेवटाला नरसिंह. माझे आजोबा टेंभा धरायचे, म्हणून हे नाव. एकेक मुखवटा असा जड, की सोंग घेणाऱ्याला दोन माणसं मागून धरतात. कुठलं सोंग कुठल्या घराण्याकडे हे ठरलेलं. नरसिंह ज्याच्या अंगावर त्याने आधी उपास करायचा.

मी पुण्यात नोकरीला असताना एका कॉस्प्लेच्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून येण्याच्या, कार्यक्रमाला गेलो होतो. एक पोरगा चार महिने खपून पुठ्ठ्याचं चिलखत करून आला होता. घामाने निथळत होता, पण डोक्यावरचं काढायला तयार नाही. "काढलं की मी परत मीच होतो," म्हणाला. आमच्या गावचा नरसिंह हेच सांगेल, फक्त अहिराणीत. तेव्हा 'जत्रेत नेऊन बसवलं' हे वाक्य मला जरा टोचलं. जत्रेतच तर सगळं सुरू झालं.

चौथा_फलाट | सकाळी ९:१०

+१. आणि मालेगावच्या सुपरमॅनला कसे विसरलात? यंत्रमागावर काम करणारा सडपातळ पोरगा सुपरमॅन झाला, त्यावरच्या माहितीपटाने २००८ पासून जगभर लोकांना हसवलं आणि रडवलं. खान्देशची विज्ञानकथा म्हणजे ती.

पांझरेपल्याड | सकाळी ९:१४

मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं.

चौथा_फलाट | सकाळी ९:१५

जिल्हा नाशिक, बोली आणि शेवभाजी आमची.

भरीतभाकर | सकाळी ९:१६

शेवभाजीच्या मुद्द्यावर मी मालेगाव खान्देशला देऊन टाकतो. नाशिकने हरकत नोंदवावी.

(इथे मालेगाव कुणाचं यावर तेवीस प्रतिसाद झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक मंडळ)

गिरणामाय | सकाळी ११:४०

खान्देशात विज्ञानाचं वारं नव्हतं असं समजू नका. चाळीसगावजवळ पाटणला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद त्यात आहे. आठशे वर्षांपूर्वी इथे 'लीलावती'ची गणितं सुटत होती. त्या गणितांत भुंगे, हंस, मोर आणि साप आहेत, म्हणजे गणिताचीही गोष्टच केलेली. माझ्या मते पुढची कॉन पाटणादेवीला घ्यावी.

चौथा_फलाट | सकाळी ११:४४

विमानंही होती का?

गिरणामाय | सकाळी ११:५०

नव्हती. म्हणूनच शिलालेख सांगितला, विमानं नाही सांगितली.

सातासमुद्रापार | दुपारी १:३०

मूळचा यावलचा, आता स्कॉटलंडमध्ये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ग्लासगोला वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथाप्रेमींची जागतिक कॉन, झाली, पाच दिवस. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो. वाघूरकाठ सरांना दिलासा वाटेल म्हणून लिहितोय.

पहिली वर्ल्डकॉन १९३९ साली न्यूयॉर्कला भरली, तेव्हा माणसं दोनशेच्या आसपास. तिथेही दोघं जण भविष्यकाळातले कपडे घालून आली होती. म्हणजे वेशभूषा नंतर घुसली नाही, पहिल्या दिवसापासून होती. अजूनही सगळं स्वयंसेवक चालवतात. व्यासपीठावर बोलणारे बहुतेक लेखक स्वतःच्या खिशातून सभासदत्व घेऊन येतात, मानधनाचं नाव नाही. विज्ञानकथांचे ह्यूगो पुरस्कारही हे सभासदच मत देऊन ठरवतात, परीक्षक मंडळ नसतं.

तिथे एक प्रकार मला फार आवडला. एका गोल टेबलावर एक लेखक आणि आठ-दहा वाचक, तासभर गप्पा, आधी नाव नोंदवून. ना माईक, ना स्टेज. मी ज्या बाईंच्या टेबलावर होतो त्यांनी निम्मा वेळ आम्हालाच प्रश्न विचारले. शेजारच्या टेबलावर बरंच नाव असलेला एक लेखक होता, त्याच्यासमोर चौघंच. तो त्या चौघांना कागदी होडी करायला शिकवत होता. सर, मखमली खुर्ची हीच तुमची अडचण झाली असावी.

झोका_लिंबाचा | दुपारी २:०५

कागदी होडी आवडली.

वीसपैलू, तुमचं टेबलाचं वर्णन वाचून मुलाला विचारलं. म्हणाला, "मला माहितीये, पण इथे कोण खेळणार?" इथे म्हणजे पारोळ्यात. यावर मला उत्तर सुचलं नाही.

वीसपैलू | दुपारी ३:१०

ताई, त्याला इथल्या निरोपपेटीत लिहायला सांगा. पारोळ्याचा एक जण आमच्यात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. वाघूरकाठ काका, रागावू नका, पण रविवारची दुपार तुम्ही पूर्ण गाळलीत. सांगता का, की मी सांगू?

भरीतभाकर | दुपारी ३:१२

वरण-बट्टीनंतर काही घडलं होतं? (सरसावून बसलो.)

वाघूरकाठ | रात्री ९:१५

पोरीने पकडलं. सांगतो.

माझ्या संग्रहात एक कथा आहे. रावेरच्या केळीवाल्याचा पोरगा मंगळावरच्या तळावर कामाला आहे. वादळात अडकतो, हवा संपत आलेली. आणि तो रावेरला आईशी बोलतो. आई म्हणते, "जेवना का रे भाऊ?" तो हसतो, धीर येतो, मार्ग सापडतो. कथा वाचून एक-दोघांनी पत्रं पाठवली होती, डोळे भरून आले म्हणून. माझी लाडकी कथा.

रविवारी जेवणानंतर ही वीसपैलू माझ्या स्टॉलवर आली. ती पुस्तक घ्यायला आली नव्हती. तिने ते आधीच वाचनालयातून नेऊन वाचलं होतं. म्हणाली, "काका, प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो. मंगळ अगदी जवळ असला तरी साडेपाच कोटी किलोमीटर, म्हणजे निरोप पोचायला तीन मिनिटं. लांब असला तर चाळीस कोटी, म्हणजे बावीस मिनिटं. तुमची आई लगेच कशी उत्तर देते?"

मला हे माहीत होतं. पोरांना विज्ञान शिकवण्यात माझी तीस वर्षं गेलीत. पण मधे एवढा वेळ गेला तर संवाद कसा लिहायचा, ते जमेना, म्हणून डोळेझाक केली. तिला म्हटलं, "ललित लेखनात थोडी सूट असते." ती म्हणाली, "आम्ही सूट न घेता खेळून बघतोय. तुम्ही आई व्हाल का?"

मग असं ठरलं. आत तिच्या टेबलावर सहा पोरं, मंगळाचा तळ. बाहेर बेसिनजवळ मी, रावेर. मधे निरोप न्यायला एक सातवीतला पोरगा. आतून चिठ्ठी निघाली की त्याने दारात मोबाइलवर अकरा मिनिटं लावून उभं राहायचं, मग मला द्यायची. माझं उत्तरही अकरा मिनिटं दारात. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत बावीस मिनिटं. अकराच का? ती म्हणाली, "वीस कोटी किलोमीटर धरलंय. मध्यम."

पहिली चिठ्ठी आली: "आई, वादळ आलंय. काळजी करू नकोस." मी आपला कथेतला हुकमी एक्का टाकला, "जेवना का रे भाऊ?" चिठ्ठी दारात उभी राहिली. तेवढ्यात दुसरी आली: "बाहेरचं दार उघडून पॅनेल साफ करू का? बाबांनी पंपाचं फिल्टर कसं काढलं होतं?" मी घाईघाईने फिल्टरचं लिहिलं, आणि लिहिलं की वारा असताना दार उघडू नकोस. पण हे त्याला मिळणार अकरा मिनिटांनी, आणि त्याने विचारलं होतं अकरा मिनिटांपूर्वी. आत फासे पडल्याचा आवाज येत होता. आत जायचं नाही असा नियम. एक बाई हात धुवायला आल्या आणि पुस्तकाची किंमत विचारू लागल्या. मी त्यांना म्हणालो, "थांबा, पोरगा बाहेर अडकलाय." त्या निघून गेल्या. आठवी प्रत अशी गेली.

माझं 'दार उघडू नकोस' पोचलं तेव्हा दार उघडून सहा मिनिटं झाली होती. फासा एक पडला होता. हे मला तेव्हा ठाऊक नाही. मी चिठ्ठ्या लिहितच होतो. शेवटची मी नुसती सवयीने लिहिली: "जेवला की कळव." ती आत गेली आणि हॉलमधला तो कोपरा एकदम गप्प झाला, म्हणून मी नियम मोडून डोकावलो.

बाकी नको सांगायला. पुस्तकात मी त्याला वाचवलं होतं.

भरीतभाकर | रात्री ९:३२

विनोद सुचत नाहीये. दंडवत.

टेंभेवाला | रात्री ९:४०

सर, हे आधी का नाही लिहिलंत?

वाघूरकाठ | रात्री ९:५१

लाज वाटली, दुसरं काय. बारा वर्षं ती कथा मी लोकांना वाचून दाखवतोय.

पांझरेपल्याड | रात्री १०:२०

मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही. तुमची कथा लिहिलेली होती म्हणूनच ती मुलीला वाचनालयात सापडली, हे विसरू नका. टेबलावरचा खेळ सोमवारी हवेत गेला. पण 'सूट' हा शब्द तुम्ही वापरायला नको होता. तिथे ती मुलगी बरोबर आहे.

आणि एक विचारतो: दुसरी चिठ्ठी आणि तुमचं उत्तर, हे तुमच्याकडे आहे का? फेकू नका.

रावेरची_केळ | रात्री १०:४५

मला वेगळंच खटकलंय. रावेरची आई "जेवना का" कशी म्हणेल? ही झाली अहिराणी. आमच्या रावेर-यावलकडे लेवा बोली. माझी आई म्हणते, "जेवला का रे? जेवला की सांगजो." जळगावला बसून अख्ख्या खान्देशाला एकच बोली लावायची ही जुनी खोड आहे. मंगळाचं अंतर चुकलं ते चालेल, रावेरचं चुकवू नका.

चौथा_फलाट | रात्री १०:४८

प्रकाशाच्या वेगापेक्षा हा मुद्दा जास्त जोरात आला.

वाघूरकाठ | रात्री ११:०२

@रावेरची_केळ, मान्य. आम्ही वाघूरकडचे, आमच्या घरात दोन्ही बोलींची सरमिसळ. ते कारण झालं, सबब नाही. 'सांगजो' घेतो.

@पांझरेपल्याड, माझ्या चिठ्ठ्या त्या पोरांकडेच राहिल्या. मी मागितल्या नाहीत.

तळ_क्रमांक_चार (नवीन सदस्य) | बुधवार, सकाळी ६:५०

मी तो मेलेला. आजच नाव नोंदवलं. चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत, शेवटचीसुद्धा. देणार नाही. फोटो पाठवतो.

आणि सात प्रतींतली एक माझी आहे. खेळ संपल्यावर घेतली. तुम्ही आवरत होतात, तुमच्या लक्षात नसेल.

वाघूरकाठ | सकाळी ७:३०

सुट्टे पैसे नव्हते तो?

तळ_क्रमांक_चार | सकाळी ७:३१

तोच. वीस रुपये द्यायचे राहिलेत.

कमानीखालचा | सकाळी १०:००

आयोजकांपैकी मी एक. धागा काल रात्री बघितला, पोटात गोळा आला. कमानीबद्दल सरांची आणि त्या वधू-वरांची माफी. डेकोरेशनवाला दुपारी येणार होता, आलाच नाही. स्टॉल बेसिनजवळ दिला कारण आम्हाला वाटलं की हात धुवायला प्रत्येक जण येतोच, सगळ्यांना पुस्तकं दिसतील. ओल्या हातांचा विचार केला नव्हता.

हिशोब: तिकिटं, वर्गणी आणि स्टॉलचं भाडं (लेखकांना माफ) मिळून खर्च जेमतेम निघाला. सगळ्यात मोठा आकडा कार्यालयाचा, त्याखालोखाल बट्टीच्या तुपाचा. पुढचं वर्ष आमचं शेवटचं, त्यामुळे भरवायची की नाही ते खालच्या वर्गातल्या पोरांवर आहे. ठरलं तर भाषण ठेवणार नाही. ग्लासगोसारखं टेबल ठेवू. सर, याल का?

वाघूरकाठ | सकाळी १०:२५

येतो. खुर्ची साधी द्या.

भरीतभाकर | सकाळी १०:२६

तुपाचा खर्च योग्य दिशेने झाला आहे.

झोका_लिंबाचा | दुपारी १२:१०

मुलाने पारोळ्याच्या त्या मुलाशी बोलणं केलं. रविवारी आमच्या गच्चीवर चौघं जमतायत. फासे नाहीत, चिठ्ठ्यांवर आकडे लिहून डब्यात टाकणार म्हणतो. वीस चिठ्ठ्या. मी डबा दिलाय, पापडांचा.

वाघूरकाठ | शनिवार, रात्री ११:४०

चार दिवस बसून ती कथा पुन्हा लिहिली. सगळी इथे टाकत नाही. आता संवाद नाहीच, नुसते निरोप. एकाखाली एक, पोचले त्या क्रमाने. पाठवले त्या क्रमाने नव्हे. त्यामुळे आईचं 'जेवला का रे?' हे अशा ठिकाणी येतं, जिथे मी ते मुद्दाम कधीच ठेवलं नसतं. शेवटी पोराचं काय होतं ते अजून ठरवलेलं नाही. दोन्ही शेवट लिहून बघितले.

रावेरची_केळ, बोली तपासायला तुम्हाला निरोपपेटीत पाठवलंय. पांझरेपल्याड, तुम्हालाही. झोडपून काढा.

वीसपैलू, अंतर अकरा मिनिटांचंच ठेवलंय.

वीसपैलू | शनिवार, रात्री ११:५५

काका, कथेत तारीख कुठली आहे?

वाघूरकाठ | शनिवार, रात्री ११:५७

तारीख नाही दिली. का?

वीसपैलू | शनिवार, रात्री ११:५८

मंगळ त्या दिवशी अकरा मिनिटांवर असायला हवा ना. आणि रावेरात केळी कापणीला आल्यात असं लिहिलंय. दोन्ही जुळणारा महिना शोधावा लागेल.

रावेरची_केळ | रविवार, रात्री १२:०५

कापणी केळीच्या कुठल्या लागवडीची, पावसाळ्यातल्या मृग बागेची की पावसाळ्यानंतरच्या कांदे बागेची? ते आधी सांगा, मग मंगळ बघू.